एक दाणा आईचा, एक दाणा बापाचा

मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. 1964 साली आपल्या देशात सीएसएच-1 नावाची संकरित ज्वारी आली. लोक तिला हायब्रीड म्हणत. आमच्या गावात ती यायला पुढं काही वर्षं लागली. देशी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची. ही ठेंगणी, पण कणीस भरलेलं. वडिलांनी तालुक्याच्या दुकानातून बियाणं आणलं आणि दोन एकरांत पेरलं. सगळी ताटं एका उंचीची आली. बांधावर उभं राहून लोक बघायचे.

पुढच्या साली वडिलांनी विचार केला, बियाण्याला पुन्हा पैसे कशाला घालवायचे? त्यांनी घरचीच चांगली टपोरी कणसं निवडून ठेवली होती. तेच बी पेरलं. आणि काय पाहावं! एक ताट उंच, तर शेजारचं बुटकं. एक कणीस भरलेलं, तर दुसरं पोचट. वडील चिडले. म्हणाले, "दुकानदारानं फसवलं."

दुकानदाराचा त्यात काहीच दोष नव्हता. बी तर घरचंच होतं. ते असं का निघालं, हे मला पुढं मास्तर झाल्यावर पुस्तकात वाचून कळलं. आणि ज्या कारणानं ज्वारी बिघडली, त्याच कारणानं आपल्या घरात एखादं लेकरू आजारी जन्माला येऊ शकतं, हे कळायला तर मला आणखी बरीच वर्षं लागली. ते आज तुम्हांला सांगतो.

हे कोडं ज्यानं सोडवलं तो शेतकऱ्याचाच मुलगा होता. त्याचं नाव ग्रेगोर मेंडेल. तो 1822 साली युरोपात जन्मला. आज त्या भागाला चेक देश म्हणतात. घरची गरिबी होती. शिकायला मिळावं म्हणून तो ब्रनो गावच्या ख्रिस्ती मठात साधू झाला. त्याला शिक्षक व्हायचं होतं, पण शिक्षकाच्या परीक्षेत तो पास झाला नाही. (मी शाळेत नापास झालेल्या मुलांना ही गोष्ट नेहमी सांगत असे.)

मठाच्या बागेत त्यानं वाटाणे लावले. 1856 पासून 1863 पर्यंत तो हेच काम करत होता. वाटाण्याची एक जात माणसाहून उंच वाढायची, दुसरी गुडघ्याएवढीच राहायची. मेंडेलनं उंच जातीच्या आणि बुटक्या जातीच्या फुलांचा आपल्या हातानं संकर केला. एका जातीच्या फुलातली पराग-धूळ दुसऱ्या जातीच्या फुलाला लावली. यालाच संकर म्हणतात.

आता सांगा, त्या बियांची झाडं कशी आली असतील? तुम्ही म्हणाल, मध्यम. नाही. सगळी उंचच आली. बुटकेपणा जणू नाहीसाच झाला.

दुसरा कोणी असता तर इथंच थांबला असता. मेंडेल थांबला नाही. त्या उंच झाडांचं बी त्यानं पुन्हा पेरलं, माझ्या वडिलांनी ज्वारीचं पेरलं तसंच. या वेळी 1064 झाडं आली. त्यानं एकेक झाड मोजलं. 787 उंच निघाली आणि 277 बुटकी. म्हणजे जवळजवळ तीन उंचांमागं एक बुटकं.

बुटकेपणा नाहीसा झालाच नव्हता. तो दडून बसला होता.

मेंडेलनं यातून जे ओळखलं ते असं. प्रत्येक झाडाच्या पोटात उंचीबद्दलच्या दोन खुणा असतात. एक मादीकडून आलेली, एक नराकडून आलेली. आपण समजायला सोपं जावं म्हणून या खुणेला 'दाणा' म्हणू. शास्त्रज्ञ तिला जनुक म्हणतात. एक दाणा उंचीचा आणि एक दाणा बुटकेपणाचा असला, तर उंचीचा दाणा आपलं म्हणणं पुढं करतो आणि बुटकेपणाचा गप्प राहतो. झाड उंच दिसतं. पण गप्प दाणा मेलेला नसतो. पुढच्या पिढीला झाड आपल्या दोनांपैकी एकच दाणा देतं. कोणता देईल याचा नेम नाही. दोन्हीकडून गप्प दाणाच आला, की त्याला अडवणारं कोणी उरत नाही. मग झाड बुटकं होतं.

हे त्यानं 1865 साली सभेत वाचून दाखवलं. लोकांनी ऐकलं आणि घरी गेले. कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. मेंडेल 1884 साली वारला. 1900 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांना तेच आढळलं, तेव्हा जगानं त्याचे कागद पुन्हा काढून वाचले.

माणसाचंही असंच आहे. लेकराला निम्मे दाणे आईकडून येतात, निम्मे बापाकडून. आपल्यात म्हणतात, बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी. हे चूक आहे. बी दोघांचंही असतं. रंग, उंची अशा गोष्टी एका दाण्यानं ठरत नाहीत. तिथं पुष्कळ दाणे मिळून काम करतात आणि खाण्यापिण्याचाही भाग असतो. पण काही गोष्टी अशा आहेत, की त्या दाण्यांच्या एकाच जोडीवर ठरतात.

जाता जाता एक सांगून टाकतो. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या भागावर ठरतं. त्या भागांना शास्त्रज्ञांनी एक्स आणि वाय अशी नावं दिली आहेत. आईकडून नेहमी एक्सच येतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. त्यातही बापाच्या हाती काही नसतं. तरी मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता माझ्या शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे.

1992 साल असेल. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक होतो. चौथीत एक मुलगा होता. हुशार, अक्षर चांगलं. पण महिन्यातून आठ-आठ दिवस गैरहजर. विचारलं की म्हणायचा, "हातपाय दुखत होते गुरुजी." अंगावर जखम नाही, ताप नाही. मला वाटलं, पोरगा ढोंगी आहे. थंडीच्या दिवसांत तो असाच चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला, तेव्हा मी त्याला छडीनं मारलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. दाराशी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, त्याले मारू नका जी. पोरगा खोटं नाही बोलत. रातभर हाडं धरून रडते."

मी त्यानंतर त्याला मारलं नाही. पण विश्वासही ठेवला नाही. डोळे पिवळे दिसतात म्हणून कोणी सांगितलं कावीळ. घरच्यांनी झाडपाला केला, अंगारे केले, करणी उतरवली. खरी गोष्ट समजली तेव्हा तो सतरा वर्षांचा झाला होता. एकदा दुखणं फार वाढलं, म्हणून त्याला नागपूरला नेलं. तिथं रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, याला सिकलसेल आहे.

सिकल म्हणजे इंग्रजीत विळा. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या, चपट्या, गोल. त्या श्वासातली हवा अंगभर पोचवतात. या आजारात त्या गोल पेशी वाकतात आणि विळ्यासारख्या होतात. गोल पेशी लवचीक असते, बारीक नळीतूनही घसरत जाते. विळे एकमेकांत अडकतात. पाटाच्या तोंडाशी काटक्या अडकल्या की पुढं पाणी जात नाही, तसं होतं. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळा येतात. थंडी वाजली, पाणी कमी प्यालं, ताप आला, फार दमणूक झाली, की हे वाढतं. शिवाय चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्यासारखी 10 ते 20 दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात. मी ज्या दिवसांत त्या पोराला मारलं ते थंडीचे दिवस होते, हे मला तेव्हा आठवलं.

हे होतं कशानं? जनुकातल्या एका अक्षराच्या फरकानं. तुम्ही आता वाचायला शिकलात, तुम्हांला हे चटकन कळेल. 'पीठ' लिहिताना पहिलं अक्षर चुकलं तर 'मीठ' होतं. फरक एका अक्षराचा. पण मिठाची भाकरी होईल का?

हा दाणाही वाटाण्याच्या बुटकेपणासारखा दडून राहणारा आहे. एक दाणा चांगला आणि एक विळ्याचा असला, तर माणूस आजारी नसतो. शेतात राबतो, म्हातारा होतो. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. तपासणीच्या कागदावर 'एएस' लिहितात. दोन्ही दाणे विळ्याचे असले, तर माणूस रुग्ण. कागदावर 'एसएस'. दोन्ही चांगले असले तर 'एए'.

म्हणजे लेकरू रुग्ण झालं, तर एक विळ्याचा दाणा आईनं दिला आहे आणि एक बापानं. एकट्या आईकडून हा आजार येत नाही. एकट्या बापाकडूनही येत नाही.

कोणी विचारेल, असा वाईट दाणा इतक्या पिढ्या टिकला कसा? त्याचं उत्तर मोठं नवलाचं आहे. जिथं हिवताप फार, तिथंच हा दाणाही फार सापडतो. आफ्रिकेत, आपल्याकडं जंगलपट्टीत. अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरनं पूर्व आफ्रिकेत लोकांचं रक्त तपासलं आणि 1954 साली दाखवून दिलं, की वाहक माणसाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. जुन्या काळी हिवतापानं गावंच्या गावं रिकामी होत. त्यात वाहक लेकरं जास्त वाचली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. दाणा पुढं चालत आला. तेव्हा हा कोणाच्या पापाचा दाणा नाही. ज्यांच्या अंगात तो आहे, त्यांच्या पूर्वजांना त्यानं कधीकाळी जगवलं आहे.

आपल्या देशात हा आजार पहिल्यांदा 1952 साली दक्षिणेकडं निलगिरीच्या डोंगरात सापडला. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट आणि तिकडं नंदुरबार, धुळे या भागांत तो आहे. काही लोक म्हणतात, हा आदिवासींचाच आजार. तसं नाही. विदर्भात इतर जातींतही तो पुष्कळ आहे. दाणा जात विचारत नाही.

त्या मुलाचा आजार कळला, तेव्हा घरात भांडण पेटलं. आजीनं सुनेला धारेवर धरलं. "तुया मायेरच्या रक्तातच खोट हाये," असं ती चारचौघांत बोलली.

आता नीट ऐका. ती सून कोण होती? आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. आपल्याकडं मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तसं ते लग्न झालेलं. सासू म्हणजे तिची आत्याच. मग सुनेचं माहेर ते कोणाचं माहेर? आजीचंच!

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आई वाहक, बाप वाहक. आणि आजीही वाहक निघाली. भाऊ तर वारला होता. पण दाणा कसा आला असेल, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. आजीच्या आई-बापांपैकी एकाच्या अंगात तो असणार. तिथून तो आजीत आला आणि तिच्या भावातही आला. आजीकडून तिच्या मुलात गेला, भावाकडून त्याच्या मुलीत गेला. दोघांचं लग्न लागलं आणि एकाच घरातून निघालेले दोन दाणे नातवाच्या अंगात पुन्हा भेटले.

आजी बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघा समजल्या. सुनेला ती पुन्हा तसं बोलल्याचं मी ऐकलं नाही.

म्हणून सांगतो, नात्यातल्या लग्नात अशी गाठ पडण्याचा संभव अधिक. एकाच कणगीतलं धान्य दोघांकडं असतं ना!

आता घरी एक खेळ करून बघा. दोन वाट्या घ्या. एक आईची, एक बापाची. दोन्ही वाहक आहेत असं समजा. म्हणून प्रत्येक वाटीत एक हरभऱ्याचा दाणा आणि एक तुरीचा दाणा टाका. हरभरा म्हणजे चांगला, तूर म्हणजे विळ्याची. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचला. काय आलं ते पाटीवर मांडा आणि दाणे आपापल्या वाटीत परत टाका. असं चाळीस वेळा करा. साधारण दहा वेळा दोन्ही हरभरे येतील. ते लेकरू निरोगी. वीसेक वेळा एक हरभरा, एक तूर. ते वाहक. आणि दहाएक वेळा दोन्ही तुरी. ते रुग्ण. आकडे थोडे मागंपुढं होतील, मेंडेलचेही झाले होते.

या खेळात एक गोष्ट ध्यानात घ्या. लोकांची तिथं फार गफलत होते. चारांत एक रुग्ण, म्हणजे पहिलं लेकरू आजारी निघालं की पुढची तीन चांगली, असं नाही. दाणे दर वेळी वाटीत परत पडतात. दर बाळंतपणाला डाव नव्यानं मांडला जातो. एखाद्या घरी चारही चांगली होतील, एखाद्या घरी दोन आजारी होतील. या चुकीच्या हिशेबावर विसंबून एका जोडप्याला दोन रुग्ण लेकरं झालेली मला माहीत आहेत.

आता एका वाटीत दोन्ही हरभरे टाका आणि दुसरीत एक हरभरा, एक तूर. म्हणजे जोडप्यातलं एकच वाहक. कितीही वेळा उचला, दोन तुरी एकदाही येणार नाहीत. म्हणून वाहक मुलीचं लग्न होऊ नये, वाहक मुलाला मुलगी देऊ नये, हे बोलणं खुळेपणाचं आहे. वाहकानं खुशाल लग्न करावं. फक्त दोन वाहकांची गाठ पडते का, ते आधी पाहावं.

पाहायचं कसं? कुंडलीत हे दिसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा गावच्या आशाताईंना विचारा. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात. त्यात काही आढळलं तर दुसरी तपासणी करून वाहक की रुग्ण ते ठरवतात. सरकारी तपासणीला पैसे पडत नाहीत. एकदा नीट तपासणी झाली की तो कागद जपून ठेवा, कारण दाणे जन्मभर बदलत नाहीत. केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून याची मोठी मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची असं त्या वेळी ठरवलं होतं.

लग्न आधीच झालं असेल आणि दोघंही वाहक असाल, तर घाबरून जाऊ नका. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गर्भाला हा आजार आहे का, हे मोठ्या रुग्णालयात तपासता येतं. उशीर मात्र करू नका.

आणि घरात रुग्ण असेल तर? शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही. रोग्याला भरपूर पाणी पाजा, थंडीत उबदार ठेवा, ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर देतात. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधानं कळा पुष्कळांच्या कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या सांगण्यानंच घ्यायचं. 2016 च्या अपंगांच्या कायद्यात हा आजार धरला आहे, त्यामुळं रुग्णाला दाखला मिळू शकतो. आणि शाळेत मास्तरांना जाऊन सांगा. माझ्यासारखे मास्तर अजून असतील.

त्या मुलाला एक धाकटी बहीण होती. तिचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी करायचं आजीनं मनाशी धरलं होतं. पुन्हा तीच रीत, तेच घर. या वेळी त्या मुलाच्या आईनं पाय रोवला. "आधी दोघायचं रक्त पाहू, मंग बोलू," म्हणाली. तपासलं. मुलगी वाहक, मुलगाही वाहक. नातेवाइकांत रुसवेफुगवे झाले, आत्या वर्षभर घरी आली नाही. पण ते लग्न झालं नाही.

मुलीचं लग्न वरोऱ्याकडं झालं. मुलाचं रक्त 'एए' आहे, हे बघूनच सुपारी फोडली. तिला दोन लेकरं आहेत. मोठी मुलगी वाहक, धाकटा मुलगा तोही नाही. आत्याच्या मुलानंही नंतर तपासणी करूनच लग्न केलं. मी ज्याला मारलं तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. रोजची गोळी घेतो, गावात शिलाईचं दुकान चालवतो. थंडीत अजून कधीतरी चार दिवस दुकान बंद असतं. मग मी त्याच्या घरी जाऊन बसतो.